साउंड शिकायला आलात? आधी गजराचं घड्याळ ऐका

मी साउंड एडिटिंगमध्ये आले तेव्हा डोक्यात एकच गणित होतं, सीन दुःखी असला की व्हायोलिन, भीतीचा असला की ड्रोन, म्हणजे खालून सलग घुमणारा सूर, आणि कुठे रिकामं वाटलं की पॅड, म्हणजे मागे पसरणारे लांब सूर टाकून भरून काढायचं. पहिल्याच शॉर्टफिल्मला दिग्दर्शकाने माझे सगळे म्युझिक ट्रॅक म्यूट केले आणि सीन परत लावला. आणि तो जास्त चांगला वाटला, च्यायला! रात्रभर जागून केलेलं काम होतं ते.

तेव्हा एका सीनियरने सांगितलं की 30च्या दशकातले फ्रेंच पिक्चर बघ, पोएटिक रिअ‍ॅलिझमवाले, साध्या माणसांच्या दुःखी गोष्टी कवितेसारख्या सांगणारे. मला वाटलं त्यात काय, नोट्समध्ये वाचलंय की, धुकं, बंदर, ओले रस्ते आणि शेवटी मरणारा हिरो जाँ गाबाँ. हे पिक्चर कान देऊन ऐकायचे असतात हे मात्र नोट्समध्ये कुठेच नव्हतं.

सुरुवात मार्सेल कार्नेच्या ‘ल जूर स लेव्ह’पासून करा (1939). पहिलाच सीन बघा, म्हणजे ऐका. खोलीचं दार बंद, आतून भांडणाचा आवाज, मग गोळी, दार उघडतं आणि एक माणूस जिन्यावरून गडगडत खाली येतो. त्याच वेळी जिना कोण चढत असतं तर एक आंधळा माणूस, काठी टेकत. खून आपल्याला दिसत नाही, त्यालाही दिसत नाही, दोघांनाही फक्त ऐकू येतो. पुढे गोळी झाडणारा गाबाँ पोलिसांना चुकवायला स्वतःला खोलीत कोंडून घेतो, रात्रभर जुन्या गोष्टी आठवत बसतो, आणि मोरिस जोबेरचं संगीत किती कमी वापरलंय ते तिथे कळतं, बराच वेळ तर नुसते छातीत धडधडावं तसे ठोके. शेवटी तो स्वतःवर गोळी झाडतो, खोलीत पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर पसरायला लागतो आणि उशाशी ठेवलेल्या घड्याळाचा गजर होतो. कामावर जायची वेळ झालेली असते! तिथे व्हायोलिन घातलं असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो, गजरामुळे रडताही येत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक सीनला दोन प्रश्न विचारते: हा आवाज कुठून येतोय, आणि तो कोणाला ऐकू येतोय? ‘पेपे ल मोको’मध्ये (1937, दिग्दर्शक ज्युलियाँ द्युव्हिव्हिए) दोन्हीची उत्तरं मिळतात. एका सीनमध्ये फ्रेएल ही गायिका स्वतःचीच जुनी रेकॉर्ड लावते, भिंतीवर तिचा तरुणपणीचा फोटो, आणि रेकॉर्डबरोबर गाता गाता ती रडायला लागते. तरुण आवाज ग्रामोफोनमधून, थकलेला समोरून, एकाच फ्रेममध्ये दोन वयं. (फ्रेएल खरंच एकेकाळची मोठी स्टार होती, त्यामुळे ते जास्तच लागतं.) आणि शेवट आठवतोय ना, हिरो पेपे बंदराच्या गेटमागून, बोटीवरून निघालेल्या प्रेयसीला गॅबी म्हणून हाक मारत ओरडतो, नेमका तेव्हाच बोटीचा भोंगा वाजतो आणि ती कानांवर हात ठेवते. आपण ऐकतो, तिला ऐकू येत नाही. एका भोंग्याने अख्खी लव्हस्टोरी संपवली.

आता हाताने करून बघायचा भाग. जाँ व्हिगोच्या ‘झेरो द काँद्युइत’मध्ये (1933) होस्टेलमधली पोरं उशा फोडून पिसं उडवतात आणि स्लो मोशनमध्ये मिरवणूक काढतात, तिथलं संगीत कानाला विचित्र लागतं. जोबेरने काय केलं, धून लिहिली, मग तीच नोटेशनमध्ये शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवून काढली, ऑर्केस्ट्राकडून तशी वाजवून घेतली आणि रेकॉर्डिंग उलटं चालवलं. म्हणजे धून परत सरळ झाली पण प्रत्येक सूर शेपटाकडून सुरू होतो. ऑडॅसिटी हे साउंड एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पेटीवर चार सूर उलट्या क्रमाने वाजवून रेकॉर्ड करा आणि रिव्हर्स मारा. नुसतं कुठलंही गाणं रिव्हर्स करू नका, त्यातून काही कळत नाही, मी आधी तेच करत बसले होते.

व्हिगोच्याच ‘लातालांत’चा (1934) किस्सा मात्र ऐकून वाईट वाटतं, कंपनीने पिक्चर कापला, त्यात तेव्हाचं एक हिट गाणं घुसवलं आणि पिक्चरला त्याच गाण्याचं नाव देऊन रिलीज केला. व्हिगो त्याच वर्षी गेला, 29व्या वर्षी. जोबेरचं मूळ संगीत ऐकायचं असेल तर रिस्टोअर केलेली प्रिंटच बघा.

याच पिक्चरमध्ये मिशेल सिमाँ म्हातारा खलाशी आहे. तो सहज एका रेकॉर्डवरून बोट फिरवतो आणि संगीत वाजायला लागतं, थांबला की थांबतं, परत फिरवलं की परत सुरू. नवीन असिस्टंट आला की मी हा सीन इथेच पॉज करते आणि विचारते, कुठून येतोय आवाज? कोणी म्हणतं बोटातून, कोणी म्हणतं त्याच्या डोक्यातून, एकाने तर एडिटिंगची चूक म्हणून सांगितलं. मग प्ले करते, आणि बाजूला अकॉर्डियन घेऊन बसलेला पोरगा दिसतो.