आरोग्य शिक्षणात यायचंय? मुंबईत शिकणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

'आरोग्य शिक्षण' अशी पाटी शोधत मुंबईत फिरलात, तर फारसं काही हाती लागणार नाही. लोकांना आरोग्याबद्दल समजावण्याचा हा विषय वेगवेगळ्या अभ्यासक्रमांमध्ये विखुरलेला आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. तिच्या शेजारीच आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम हीच संस्था पाहते. समाजकार्य करायचं असेल तर निर्मला निकेतन महाविद्यालय, गृहविज्ञान आणि विस्तार शिक्षणाकडे (वर्गाबाहेर, वस्तीत जाऊन लोकांना शिकवण्याकडे) ओढा असेल तर एसएनडीटी महिला विद्यापीठ. आरोग्य संवर्धन शिक्षणाची पदवीनंतरची पदविकाही असते. सरकारी आरोग्य शिक्षकाच्या काही जागांना नेमकी तीच मागतात, त्यामुळे सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर जुन्या जाहिराती आधी वाचा आणि मग अभ्यासक्रम ठरवा. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते त्या त्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावेत.

मी समाजकार्यातून इकडे आले. कुठूनही या, एक मात्र बघा: फील्डवर्क किती आहे आणि कुठे आहे. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

कारण या विषयाचा पाया सांगण्यात नाही, ऐकण्यात आहे. वर्गात तुम्हाला हेल्थ बिलीफ मॉडेल शिकवतील. परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देऊ नका. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची एक्स-रे तपासणी फुकट असूनही लोक का येत नाहीत, या प्रश्नातून ते उभं राहिलं. आजाराचा धोका आपल्याला आहे असं माणसाला वाटतं का, उपायाचा फायदा दिसतो का आणि वाटेत अडचण काय आहे, असं ते विचारतं. 2022च्या अखेरीस गोवंडीत गोवरची साथ आली, तेव्हाच्या लसीकरणाचा विचार करताना मला हे मॉडेल खरं कळलं. 'लोकांना लसीचं महत्त्व कळत नाही' असं बाहेरून सर्रास म्हटलं जात होतं. वस्तीतल्या एका बाईंनी मला साधं विचारलं, "सुई लावल्यावर पोराला ताप येतो. मग उद्या कामावर मी जाऊ की तो ताप बघू?" त्यांना महत्त्व पुरेपूर कळत होतं. बुडणारी मजुरीही कळत होती. त्यांना आणखी एक पत्रक देऊन काय उपयोग? त्यांना हवं होतं ते असं: ताप साधारण किती दिवस राहतो, औषध कोणतं आणि किती द्यायचं, कधी दवाखान्यात न्यायचं आणि लसीकरणाचं सत्र सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आरोग्य शिक्षकाच्या हातात नसतं, पण तो प्रश्न आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणं हे त्याचंच काम.

दुसरी सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्या. सांगून झालं की "समजलं ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसं सांगाल?" ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पण परत सांगायला लावलं की पेलाभर पाण्यात चमचाभर पावडर असं उत्तर हमखास येतं. जुलाबासोबत झिंकची गोळी 14 दिवस द्यायची असते, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरात गोळीही बंद केली जाते. हे फलकावर छापलेलं असतंच. ते घरात काय रूप घेतं, हे परत ऐकल्याशिवाय कळत नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 1980पासून घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, तेव्हा शिकवणाऱ्या बायकांचं मानधनच आयांना नंतर किती आठवतं यावर ठरवलं होतं. आपल्याकडच्या किती कार्यक्रमांत असं मोजतात? आपण वाटलेली पत्रकं मोजतो, भरलेले मेळावे मोजतो. मला याचं फार वाईट वाटतं.

भाषेचंही तसंच. मुंबईत फक्त मराठीवर काम भागत नाही. गोवंडी, कुर्ला, धारावीत हिंदी लागते, काही गल्ल्यांत उर्दू वाचणारे जास्त. पोस्टर छापायच्या आधी चार जणांना दाखवून "यात काय चाललंय?" एवढंच विचारा. चित्रातली बाई डॉक्टर आहे की शाळेची बाई, इथपासून मतभेद निघतात, आणि ते छपाईआधी निघालेले बरे.

नोकरीचं सांगायचं तर वाटा बऱ्याच आहेत: जिल्ह्याचं विस्तार व माध्यम अधिकारी कार्यालय, एचआयव्ही तपासणी केंद्रांतलं समुपदेशन, वस्त्यांमधल्या स्वयंसेवी संस्था, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीवरचे प्रकल्प. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात. नूतनीकरणाची टांगती तलवार असते, पगार कधी कधी लांबतो, आणि घरी हे समजावणं कठीण जातं. म्हणून एक्सेल नीट शिका, कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनावर सर्वेक्षणाचा फॉर्म तयार करता यायला हवा, आणि अहवाल लिहिण्याचा सराव ठेवा. प्रकल्प संपला तरी ही कामं येणाऱ्याला पुढचा प्रकल्प लवकर मिळतो, हे मी आजूबाजूला वारंवार पाहिलं आहे.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत स्वतःचं एक काम न्या. पोस्टरचा पहिला मसुदा, लोकांनी त्यावर काय म्हटलं त्याच्या नोंदी, आणि त्यानंतर बदललेला मसुदा, तिन्ही एकत्र. आणि पगाराबद्दल विचारून झालं की तुम्हीही एक प्रश्न विचारा: आठवड्यातले किती दिवस वस्तीत आणि किती कार्यालयात? पहिली दोन-तीन वर्षं तरी वस्तीचे दिवस जास्त असतील तीच नोकरी घ्या.