एअरपोर्टच्या सिक्युरिटीत अडकायचं नसेल, तर या चुका टाळा

वरचेवर विमानाने फिरणाऱ्यांचा एक लाडका समज असतो: सिक्युरिटीत खोळंबा करतात ते नवखे. पहिल्यांदा विमानात बसणारे आजी-आजोबा, लेकुरवाळं कुटुंब, लग्नाचं वऱ्हाड. एकदा एक्स-रे मशीनच्या पलीकडच्या टोकाला जरा थांबून बघा. ‘ये बॅग किसका है?’ असं विचारल्यावर मान खाली घालून पुढे येणाऱ्यांमध्ये कंपनीचं नाव छापलेल्या सॅकवाले काही कमी नसतात. रांग किती लांब असावी, हे आपल्या हातात नाही. पण बॅग एकदा बाजूला काढली की पुढे किती वेळ जाणार, हे घरी बॅग कशी भरली त्यावर ठरतं.

डिजियात्रा आहे, म्हणजे सुटलो

डिजियात्रा, म्हणजे ॲपवर चेहरा नोंदवून आत जायची सोय, डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, २०२३ मध्ये पुणे-मुंबईलाही आली. सोय चांगलीच आहे, पण ती चेहरा बघून दार उघडण्यापुरती. टर्मिनलचा दरवाजा, सिक्युरिटीच्या आधीचं गेट आणि काही ठिकाणी बोर्डिंगचं गेट, बास. पुढचा एक्स-रे आणि अंगझडती सगळ्यांना सारखीच. म्हणून डिजियात्राच्या भरवशावर घरून उशिरा निघणं हा निव्वळ जुगार आहे. आणखी एक, आधार एकदाच जोडावं लागतं, बोर्डिंग पास मात्र प्रत्येक प्रवासाला नव्याने. तो ॲपमध्ये न घालता गेटपाशी कॅमेऱ्यासमोर चेहरा हलवत उभे राहणारे रोज दिसतात. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळत नसेल, तरीही तेच होतं.

असाच घोळ ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’चा. ही सोय जून २०२४ मध्ये दिल्लीला आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. पण ती इमिग्रेशनची, म्हणजे परदेशी जाता-येतानाच्या पासपोर्ट तपासणीची आहे, सिक्युरिटीची नाही.

चार्जरचं गाठोडं

सगळ्यात जास्त बॅगा अडकतात त्या याच्यापायी. लॅपटॉप काढून ट्रेमध्ये ठेवला जातो, पण सॅकच्या तळाशी लॅपटॉपचा चार्जर, पॉवर बँक, हार्ड डिस्क आणि तीन केबल्स एकमेकांत गुंतून बसलेल्या असतात. नेहमीच्या मशीनच्या पडद्यावर घट्ट वस्तू एकावर एक आल्या की नुसता काळा डाग दिसतो. मागे काय आहे ते ऑपरेटरला कळत नाही, आणि कळत नसेल तर बॅग सोडता येत नाही. मग बॅग उघडा, सामान वेगळं करा, पुन्हा पट्ट्यावर टाका. मागचे लोक तोवर गेटवर पोचलेले असतात.

उपाय साधा आहे. हे सगळं एका पारदर्शक पाऊचमध्ये भरा, पाऊच सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि कुणी सांगायच्या आधीच लॅपटॉपसोबत ट्रेमध्ये टाका. पाकीट, घड्याळ, नाणी, किल्ल्यांचं मात्र उलट. ते रांगेत असतानाच बॅगेच्या चेनच्या कप्प्यात घाला. सुट्ट्या वस्तू ट्रेमध्ये टाकल्या की त्या विसरायची, नाहीतर दुसऱ्याच्या ट्रेसोबत जायची सोय आपणच करतो.

बॅग आडवी-उभी कापून दाखवल्यासारखं चित्र देणारी सीटी मशीन आली की लॅपटॉप काढायची गरज उरत नाही. मोठ्या विमानतळांना ती आणि बॉडी स्कॅनर बसवायला नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सांगितलं, मुदती दिल्या, मुदती हुकल्या. त्यात एका विमानतळावर टॅब काढायला लावतात, दुसऱ्यावर ‘क्यूं निकाला?’ म्हणून आपल्यालाच विचारतात. ही विसंगती खरंच चीड आणणारी आहे. तरी तिथे जवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, नियम त्याने केलेले नाहीत. आणि ‘बॉम्ब’ हा शब्द थट्टेतही नको, पोलीस केस होते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला परत बोलावतात. मर्यादा १०० वॉट-तासांची. पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा: २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तास होते, म्हणजे चालते. आकडे पुसले गेले असतील तर तीच पॉवर बँक जप्त होऊ शकते. लायटर कुठल्याच बॅगेत नको.

आईने दिलेली पिशवी

लॅपटॉपवाल्याच्या शिस्तीवर पाणी पडतं ते इथे. सुकं खोबरं आपल्याला वाटणाचं सामान वाटतं. हवाई वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं, कारण त्यातलं तेल. ते हातातल्या बॅगेतही नको आणि चेक-इनमध्येही नको. देवळातून मिळालेला प्रसादाचा नारळही केबिनमध्ये नेता येत नाही. शबरीमलाच्या भाविकांना हंगामापुरती सवलत मिळाली होती, तीसुद्धा जादा तपासणीच्या अटीवर. नारळाऐवजी वड्या करून द्या म्हणावं, कुणी अडवणार नाही. मिरची पूड, घरचा मसाला, तेलाचं लोणचं, तूप हे चेक-इनमध्ये, दुहेरी पिशवीत. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ताही तिथेच. पडद्यावर तो थेट पात्यासारखा दिसतो.

द्रव पदार्थांबाबत एकच लक्षात ठेवा: परदेशी जाताना डबी जास्तीत जास्त १०० मिलीची हवी, अर्धी संपलेली २०० मिलीची ट्यूब चालत नाही. ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या विमानापर्यंत फोडू नका.

तिकिटावरचा विमानतळही नीट वाचा. गोव्यात दाबोळी वेगळं, मोपा वेगळं; आता मुंबईसोबत नवी मुंबईही आहे.

एवढं करूनही अडकलात तर

वस्तू अडवली तर आधी घड्याळ बघा. देशांतर्गत चेक-इन बहुधा तासभर आधी बंद होतं. वेळ असेल तर विमान कंपनीच्या माणसाला गाठून ती मोठ्या बॅगेत टाकता येते किंवा सोडायला आलेल्याच्या हाती देता येते. ट्रेमधली वस्तू गायब झाली तर जागेवरच सांगा, म्हणजे कॅमेऱ्यात बघता येतं. नंतर लक्षात आलं तर विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या संकेतस्थळावर विमानतळानुसार सापडलेल्या वस्तूंची यादी असते.

आणि तक्रार करा, कारण पद्धती बदलू शकतात. हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारायची पद्धत आठवते? तो नसेल तर गेटवरून परत पाठवायचे. एप्रिल २०१७ मध्ये मुंबईसह सात विमानतळांवर ती बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३ वरच्या गर्दीने लोक इतके वैतागले की खुद्द हवाई वाहतूक मंत्र्यांना तिथे जावं लागलं. म्हणून एअरसेवा या सरकारी तक्रार-पोर्टलवर लिहिताना ‘फार गर्दी होती’ एवढ्यावर थांबू नका. टर्मिनल, तारीख, वेळ, कितवी रांग, किती मशीन बंद होती आणि ट्रे होते की नव्हते, हे सगळं लिहा.