पावसाआधी कुंडीचं बूड बघा

गच्चीत किंवा बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांनी बाकीचा सल्ला नंतर वाचला तरी चालेल. आधी प्रत्येक कुंडी, बादली, ग्रोबॅग कलती करा आणि तळाची भोकं मोकळी आहेत का बघा. मुळांनी किंवा गाळाने बुजली असतील तर जाड तारेने आजच मोकळी करा. मोठा पाऊस झाल्यावर ओली, जड कुंडी एकट्याने हलत नाही.

दर पावसाळ्यात मी हेच बघतो. तजेलदार रोपं सलग चार दिवसांच्या पावसानंतर पिवळी पडतात, भर ओलीत माना टाकतात. घरच्यांना वाटतं, खत कमी पडलं. दुकानदार टॉनिकची बाटली देतो. खरं तर साचलेल्या पाण्यात मुळांना हवाच मिळत नाही. ती कुजतात आणि मर रोगाची बुरशी आत शिरते. गुदमरलेलं मूळ टॉनिक घेणार कसं? ते पैसे बियाण्याला ठेवा.

तळात खडीचा थर देऊ नका. सांगणारे पुष्कळ भेटतील, पण पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी घटते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी पुरे. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, खालची ताटली पावसाळाभर काढून टाका. ताटलीत पाणी साचलं की आठवड्याभरात डासही होतात.

नेहमीची कामं:
- माती, कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग
- पालेभाजीला १५–२० सेंमी खोली, टोमॅटो-वांग्याला ३० सेंमी
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम प्रति किलो कंपोस्ट
- मावा दिसल्यास कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि थोडा साबण, १ लिटर पाण्यात; फवारणी संध्याकाळी
- पालेभाजी दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरा

मर दिसलीच तर कोलमडलेली रोपं मातीसकट काढा, पाणी थांबवा. फळभाजीच्या उरलेल्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात आळवणी करता येते, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतायचं. ती देण्याआधी निचरा सुधारा, नाहीतर औषध वाया. महिन्याभरात खुडायच्या पालेभाजीत मी ते घालत नाही. वाफा मोडून नव्याने पेरतो. ट्रायकोडर्मा घातलेल्या मातीतही ते लगेच देऊ नका, या उपयोगी बुरशीलाही त्याने बाधा होऊ शकते.

माझ्या अनुभवातली एक खूण सांगतो, पुस्तकात शोधू नका. मातीवर बारीक काळी चिलटं उडू लागली आणि आंबूस वास आला, की आठवड्याभरात रोप कोलमडतं. त्या दिवशीच भोकं तपासा. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. गच्ची तेवढं देणार नाही. पण पालक, माठ २५–३० दिवसांत खुडायला येतात, आणि त्यांतून मिळणारं फोलेट आणि अ जीवनसत्त्व लहान मुलांना, गरोदर बाईला फार लागतं. म्हणून जागा थोडी असेल तर टोमॅटोआधी पालेभाजी लावा. एक वाफा कुजला की त्या घरात तीन-चार आठवडे हिरवं पान येत नाही, आणि बरीच घरं तिथेच लावणं सोडतात.

गच्चीवर थेट मातीचा थर पसरणार असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको: २० सेंमी ओली माती दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरते. आणि गच्चीचा स्वतःचा पाइप पालापाचोळ्याने तुंबलाय का, तेही आजच बघा.