काउंटीच्या ऑफिसातून कागद काढायचाय? आधी खिडकी कुठली ते शोधा

अमेरिकेत घर घेतलं की दीड-दोन महिन्यांत एक पत्र येतं. वर सरकारी वाटेल असा शिक्का, आत तुमचं नाव, पार्सल नंबर (म्हणजे तुमच्या जागेचा सरकारी नंबर), कर्जाचा आकडा सगळं बरोबर, आणि खाली लिहिलेलं की डीडची, म्हणजे खरेदीखताची, सर्टिफाइड कॉपी हवी तर नव्वद-शंभर डॉलरचा चेक पाठवा. आमच्याकडे आलं तेव्हा बायको चेकबुक घेऊन बसलीच होती, म्हटलं थांब जरा, ती तळाची बारीक ओळ वाच, आम्ही सरकारी ऑफिस नाही असं त्यांनीच लिहिलंय. तीच कॉपी काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) रेकॉर्डरकडे थोडक्या डॉलरमध्ये मिळते. आणि त्या लोकांना तुमची माहिती कुठून मिळाली? त्याच रेकॉर्डरकडून, कारण ती पब्लिक रेकॉर्ड आहे. म्हणजे त्यांना मिळते तशी तुम्हालाही मिळते, फक्त कुठे मागायची ते माहीत पाहिजे.

मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून मुख्यतः इथलंच सांगतो, बाकी राज्यांचं शेवटी थोडं.

आपली लोकं पहिली चूक काय करतात तर थेट ‘फोया’ टाकायला निघतात. फोया हा सरकारी कागद मागण्याचा 1966 चा फेडरल कायदा, तो केंद्र सरकारच्या खात्यांना लागू, काउंटीला नाही. काउंटीसाठी प्रत्येक राज्याचा आपला कायदा असतो, कॅलिफोर्नियात त्याचं नाव पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. पण खरं सांगू का, निम्म्याहून जास्त कामांना तोही लागत नाही. आपल्याकडे सातबारा काढायला कोणी माहिती अधिकाराचा अर्ज करतं का? तलाठ्याकडे जातो किंवा ऑनलाइन काढतो. इथेही तसंच, रोजचा कागद असेल तर त्याचा ठरलेला फॉर्म आणि ठरलेली फी असते.

खिडक्या अशा. डीड, गहाणखत, घरावरचा लीन म्हणजे बोजा हे रेकॉर्डरकडे, म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालयच समजा. घराची टॅक्ससाठी धरलेली किंमत असेसरकडे, टॅक्स भरला की नाही ते टॅक्स कलेक्टरकडे. लग्नाचं लायसन्स क्लर्ककडे, आणि बऱ्याच काउंटीत क्लर्क आणि रेकॉर्डर एकच ऑफिस असतं. घटस्फोटाचा हुकूम मात्र काउंटीच्या या खिडक्यांवर मिळत नाही, तो सुपीरियर कोर्टात, आणि कोर्टाच्या कागदांना पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट लागूच नाही, त्यांचे नियम वेगळे. इथे लोकं हमखास एक हेलपाटा घालतात.

बिल्डिंग परमिटचं तर अजून वेगळं. घर शहराच्या हद्दीत असेल तर परमिट शहराकडे, आणि शहर नसलेल्या, ज्याला अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात, अशा भागात असेल तरच काउंटीकडे. सनीवेल, क्यूपर्टिनो, फ्रीमाँटवाल्यांनी सिटी हॉल गाठायचा. माउंटन हाउसमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, ते गाव 1 जुलै 2024 ला शहर झालं, त्याआधी सॅन वाकीन काउंटीचा कारभार होता, तेव्हा तिथली जुनी परमिटं शोधताना दोन्हीकडे विचारा.

आता शोधायचं कसं. टॅक्सच्या बिलावर असेसर पार्सल नंबर असतो तो आधी फोटो काढून ठेवा, पत्त्यात गडबड होते पण या नंबरात नाही. रेकॉर्डरचा इंडेक्स मात्र नावावर चालतो, ग्रँटर म्हणजे देणारा आणि ग्रँटी म्हणजे घेणारा. बऱ्याच ठिकाणी हा इंडेक्स ऑनलाइन दिसतो, पण कागदाची इमेज दिसतेच असं नाही, मग तिथला डॉक्युमेंट नंबर आणि तारीख लिहून घ्यायची आणि त्यावर कॉपी मागायची. आणि आपल्या नावांचा घोळ! मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव लग्नानंतर बदललं की नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक की दोन ‘ए’, आणि कुठल्यातरी क्लर्कने मधलंच नाव आडनाव म्हणून टाइप केलेलं. माझं एक डीड मला तीन दिवस सापडेना, शेवटी माझ्या वडिलांच्या नावाखाली सापडलं, जणू बाबांनीच घर घेतलंय. तेव्हा आधी नुसतं आडनाव टाका, नाही सापडलं तर मधलं नाव आडनावाच्या जागी टाका, आणि सगळी स्पेलिंगं करून बघा.

ठरलेल्या खिडकीवर न मिळणारी गोष्ट हवी असेल, म्हणजे एखाद्या कॉन्ट्रॅक्टची फाइल, खात्यातले ईमेल, रस्त्याच्या कामाचे रिपोर्ट, तेव्हा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. यात कारण सांगायची गरज नाही, आणि एच-वन वर आहात का ग्रीन कार्डवर हा प्रश्नच येत नाही. तोंडी मागितलं तरी कायद्याने चालतं पण लेखीच मागा, कारण लेखी मागितलं तर नकारही लेखी द्यावा लागतो, कोणी नाकारलं त्याच्या नावा-हुद्द्यासकट.

मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘शेजारच्या मोकळ्या प्लॉटसंबंधी सर्व कागदपत्रे द्यावीत.’ एका ऑफिसने मला दोन महिने झुलवलं, आणि चूक अर्धी माझीच होती. ‘सर्व’ म्हटलं की समोरचा माणूस काय शोधणार? दुसऱ्यांदा असं लिहिलं: पार्सल नंबर अमुक, 1 जानेवारी 2015 ते 31 डिसेंबर 2019 या काळातली परमिटं, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि कोड एन्फोर्समेंटकडे (नियमभंग बघणाऱ्या खात्याकडे) आलेल्या तक्रारी, पीडीएफमध्ये असतील तर पीडीएफच द्या, खर्च 25 डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी कळवा. बारा दिवसांत ईमेलवर आलं. प्रश्न विचारू नका, कागद मागा, ‘हे का केलं’ याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद असेल तर तो दाखवायला आहेत.

मुदत 10 दिवस, पण नीट समजून घ्या, दहा दिवसांत कागद हातात पडेल असं नाही, देणार की नाही ते दहा दिवसांत सांगायचं असतं, आणि काही ठरावीक कारणांसाठी अजून 14 दिवस वाढवता येतात. आपल्या 2005 च्या माहिती अधिकारात 30 दिवस आहेत, पण तिथे पहिलं अपील, दुसरं अपील अशी शिडी आहे, कॅलिफोर्नियात ती नाही, थेट कोर्ट. म्हणून आधी फोन करा. कागद ओळखायला मदत करणं हे ऑफिसचं कायदेशीर काम आहे, तर सरळ विचारा की या गोष्टीला तुमच्याकडे काय म्हणतात, कुठल्या नावाखाली फाइल करता. साध्या कागदांना शोधण्याची फी लावता येत नाही, कॉपीचा थेट खर्च तेवढा घेतात.

मुलांच्या बर्थ सर्टिफिकेटबद्दल वेगळं सांगतो कारण यात पैसे वाया जातात. कॉपी दोन प्रकारची असते. ऑथराइज्ड कॉपी आईवडिलांना वगैरे मिळते, आणि इन्फॉर्मेशनल कॉपी कोणालाही मिळते पण ओळख पटवायला चालणार नाही असं तिच्यावरच छापलेलं असतं. पोस्टाने ऑथराइज्ड मागवायची तर शपथपत्र नोटराइज करून जोडावं लागतं, ते विसरलात की अर्ज लटकला. कागद भारतात वापरायचा असेल तर त्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, घ्यायचं, आणि इथे एक मेख आहे: सर्टिफिकेटवर काउंटीच्या हेल्थ ऑफिसरची सही असेल तर आधी काउंटी क्लर्ककडून ती सही प्रमाणित करून घ्यावी लागते, क्लर्क-रेकॉर्डरची सही असेल तर थेट जाता येतं. तान्ह्या बाळांचे दाखले बहुतेक हेल्थ डिपार्टमेंटमधून निघतात, तेव्हा पाकीट बंद करायच्या आधी सही बघा.

बाकी राज्यांत खिडक्या बदलतात. कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकारच नाही, जमिनीचे कागद टाउन क्लर्ककडे. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. न्यू जर्सीचा पब्लिक रेकॉर्डचा कायदा ओप्रा, मुदत कामाचे 7 दिवस, न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये कामाचे 5. व्हर्जिनियासारखी राज्यं बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नाही म्हणू शकतात, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय, तिथे राहणाऱ्या मित्राला अर्ज करायला सांगायचं.

आणि जमलं तर प्रत्यक्ष जा. ऑफिसच्या वेळेत कागद नुसता बघायला पैसे नाहीत, आणि कॅलिफोर्नियात आपल्या फोनवर फोटो काढायलाही फी लावता येत नाही. फक्त घराच्या प्लॅनच्या नकाशांपुढे फोन काढू नका, ते तिथे बसून बघता येतात पण कॉपीसाठी ज्याने काढले त्या आर्किटेक्टची आणि घरमालकाची परवानगी लागते, काउंटरवरची बाई लगेच हात आडवा घालते.