साइड व्हीलच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक तापतोय? आधी या चुका बंद करा

पॅड नवीन टाकले, डिस्क पण बदलली, तरी पुढचा ब्रेक तापतोयच, आता काय करू? हा फोन आला की मी उलट विचारतो, तापलेला असताना चाक हाताने फिरवून बघितलं का? नाही. लिव्हरला प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल, किती आहे बघितला? नाही. मग डिस्क कशाला बदलली? "मिस्त्री म्हणाला." बरं.

मी बोलतोय ते मागे दोन्ही बाजूला एकेक जादा चाक लावलेल्या स्कूटरबद्दल, आपल्याकडे दिव्यांग मंडळी वापरतात ती. डिस्क ब्रेकवाली, बहुतेक १२५ सीसी. खऱ्या तीनचाकी ट्राइकलाही यातलं बरंचसं लागू पडतं कारण मूळ भानगड तीच आहे. साधी दुचाकी वळणावर झुकते, ही झुकत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणाआधी वेग जास्तच कमी करावा लागतो, म्हणजे ब्रेक जास्त. त्यात मागचा ब्रेक फक्त मधल्या चाकाला, साइड व्हीलना बहुतेक किटमध्ये ब्रेकच नसतो, आणि वजनाचा बराच भाग तर त्या साइड व्हीलनी उचललेला. मग मागचा ब्रेक जरा जोरात दाबला की मधलं चाक घसरतं, चीं करून आवाज येतो, माणूस घाबरतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर टाकतो. आणि पुढे काय आहे तर साध्या स्कूटरच्या हिशोबाने दिलेली १६० ते २२० मिमीची डिस्क. तापणारच की.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापतोय कशामुळे हे न ठरवता पाना हातात घेणं. प्रकार दोनच आहेत. एक, ब्रेक नीट आहे पण त्याला काम जास्त पडतंय. दोन, तुम्ही लिव्हर सोडलाय पण ब्रेक सुटलेलाच नाही. पहिल्याला गाडी चालवायची सवय बदलावी लागते, दुसऱ्याला दुरुस्ती. पॅड बदलून दोन्हीतलं काहीच बरं होत नाही, आठवडाभर समाधान मिळतं फक्त.

ठरवायचं कसं, तर सकाळी रिकाम्या सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर हळूहळू चालवा, पुढचा म्हणजे उजवा लिव्हर अजिबात दाबायचा नाही, आणि सीबीएस (एका लिव्हरने दोन्ही ब्रेक लागायची सोय) असेल तर डावा पण नाही कारण तो पुढचाही ब्रेक ओढतो. थ्रॉटल सोडून गाडी आपोआप थांबू द्या. मग डिस्कवर पाण्याचा एक थेंब टाका, बोट लावू नका, दरवेळी कुणीतरी लावतोच. थेंब चर्र करून उडाला तर ब्रेक धरून बसलाय. नुसता ओघळला आणि लिव्हरला प्ले पण असेल तर ब्रेकचा दोष नाही, तुम्ही घाटात लिव्हर धरूनच खाली येताय.

धरून बसला असेल तर पुढचं तापलेलं असतानाच करायचं, थंड झाल्यावर नाही. साइड व्हील बसवताना बऱ्याच गाड्यांचा मेन स्टँड काढून टाकलेला असतो, त्यामुळे मागच्या चाकाला ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावून पुढून चेसिसखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा द्यावा लागतो. चाक फिरत नाही ना? मग कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा नट, अगदी किंचित सैल करा, वर ट्रान्स्परंट नळी लावून, डोळ्याला गॉगल लावून. ऑइल चिरकन बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलंय, दोष वर आहे. चाक तसंच जाम राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना धरल्यात, दोष खाली आहे. वर म्हणजे तरी कुठे, तर निपल बंद करून लिव्हर दाबून परत जाम करा आणि आता होज (ऑइलची रबरी नळी) मास्टर सिलेंडरकडून, म्हणजे लिव्हरजवळ ऑइल दाबणाऱ्या भागाकडून, सैल करा. तिथे सुटलं तर मास्टर, तिथे नाही सुटलं तर होज आतून फुगून बंद झालाय, ऑइल जातं पण परत येत नाही. हे झालं की ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) करावंच लागतं, त्याचा कंटाळा असेल तर हे करूच नका, गाडी माहितगाराला दाखवा. पाच मिनिटांची टेस्ट आहे ही आणि लोक ती सोडून डिस्क बदलतात.

दुसरी चूक माझ्या खास रागाची आहे. डावा लिव्हर खोल जायला लागला की दिसेल तो नट आवळायचा. सीबीएसच्या काही गाड्यांना डाव्या लिव्हरपासून एक केबल मागच्या ड्रम ब्रेकला जाते आणि एक पुढच्या मास्टर सिलेंडरजवळच्या छोट्या नॉकरला, म्हणजे मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या तुकड्याला. मागचे शूज झिजले की मागचा नट आवळायचा, बास. पण घाईवाले पुढचीही केबल ताणून ठेवतात. मग तो नॉकर पिस्टनला केसभर आत दाबून धरतो. मास्टरच्या आत ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं, लिव्हर सुटला की तापून फुगलेलं ऑइल त्यातून परत टाकीत जातं. पिस्टन केसभर जरी पुढे राहिला तरी ते भोक झाकलं जातं. मग ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही म्हणून पॅडच दाबतं, त्याने अजून तापतं, अजून दाबतं.

आमच्या ओळखीच्या एका काकांचं असंच झालं, कोल्हापूरहून साखरप्याला निघालेले, मागे काकू, पायाशी पिशव्या. आदल्या आठवड्यात कुठल्याशा गॅरेजमध्ये "ब्रेक टाइट करून" घेतलेले आणि ब्रेक कसा एकदम कडक लागतोय म्हणून खूश पण होते. आंबा घाट उतरताना आधी जळका वास, मग गाडी आपोआप अडखळायला लागली, आणि एका वळणावर उजवा लिव्हर सरळ ग्रिपला जाऊन टेकला. वेग कमी होता म्हणून निभावलं, मागच्या ब्रेकवर आणि डोंगराकडच्या गटारात चाक घालून थांबले. तिथे जमलेल्या चार शहाण्यांनी काय करावं, तर बाटलीभर थंड पाणी डिस्कवर ओतलं! मी पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली, सगळं गार पडलेलं, आणि चाक मस्त फिरत होतं. तिथला एकजण मला सांगतोय, काही झालं नाही हो, घाटात होतं असं, हवा खाल्ली की बरं होतं. मी लिव्हरचं टोक बोटाने हलवून बघितलं, प्ले शून्य. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल चहाच्या रंगाचं. डाव्या लिव्हरकडून पुढे येणाऱ्या केबलचा नट सैल केला तसा नॉकर टक् करून मागे आला आणि लिव्हरला प्ले आला. दोष एवढाच होता. ऑइल बदलायला लागलं ते लागलंच, वर पाण्यामुळे डिस्क वाकडी झाली ती पण बदलली. म्हणजे दोषाने जेवढा खर्च केला नाही तेवढा उपायाने केला.

थंड झालं की आपोआप सुटतं हे लक्षण पक्कं लक्षात ठेवा. गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली की "काहीच नाहीये" असं उत्तर मिळतं ते याच्यामुळेच.

ब्रेक ऑइलचं सांगतो. डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे प्रकार, डब्यावर लिहिलेले असतात. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्याकडचा पावसाळा धरला तर दोन वर्षांनी बदलायचंच, मग गाडी किती का कमी फिरलेली असेना. उकळलं की वाफ होते आणि लिव्हर ग्रिपला टेकतो. लिव्हर दगडासारखा कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर ऑइल नाही, पॅड भाजलेत. हा फरक फोनवर सांगता आला तरी समोरच्याचं निम्मं काम होतं.

आता पेट्रोल. कॅलिपर खोलला की लगेच डबाभर पेट्रोल आणि ब्रश. अरे बाबा, इंजिनचे पार्ट धू ना पेट्रोलने, ब्रेकचं रबर कशाला? कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती एक चौकोनी कापाचं सील असतं, ब्रेक दाबला की ते किंचित पिळतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. पिस्टनला परत आणायला दुसरी स्प्रिंग-बिंग काही नाही, तेवढंच. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, काहीही लागलं की हे रबर फुगतं आणि पिस्टन जिथल्या तिथे बसतो. म्हणजे ब्रेक तापतो म्हणून कॅलिपर साफ केला आणि साफ केल्यामुळे कायमचा तापायला लागला. पिनांना पिवळा साधा ग्रीस फासणं हा त्याचाच भाऊ, रबरी बूट फुगून पिना अडकतात आणि एकच पॅड झिजत राहतो. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश वापरतो, पूर्ण वाळवतो, पिस्टन आणि सीलला ताजं ब्रेक ऑइल लावून बसवतो, आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस. वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही ते पिस्टनवरची घाण न पुसताच स्क्रूड्रायव्हरने तो आत ढकलतात आणि नवीन पॅड कोंबतात, मग महिन्याने परत माझ्याकडे.

बाकीच्या चुका पटापट. पॅड झिजल्यावर खाली गेलेली ऑइलची लेव्हल वरपर्यंत भरून ठेवणं, मग नवीन पॅड टाकले की ते ऑइल मागे येतं आणि टाकीत फुगायला जागाच उरत नाही. साइड स्टँड चालत नाही म्हणून उतारावर पुढच्या लिव्हरला रबरबँड लावणं आणि तो काढायला विसरणं, त्यापेक्षा मागच्या ब्रेकचा लॉक वापरा आणि खिशात नाही तर डिकीत एक ओट ठेवा. रंगीत फॅन्सी लिव्हर, ज्यांची पिस्टनला टेकणारी बाजूच वेगळी असते. पुढचं चाक पंक्चरला काढून बुशिंग (चाकाच्या एक्सलवरची छोटी नळी) उलटं बसवणं. कर्र आवाज येतो म्हणून डिस्कवर गंज काढायचा स्प्रे मारणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

साइड व्हीलची उंची मात्र फिटरकडून नीट लावून घ्या. ती खाली असली की खड्ड्याकाठी मधलं चाक अधांतरी फिरतं, मागचा ब्रेक असून नसल्यासारखा, आणि परत सगळं पुढच्यावर. तुम्ही गाडीवर बसलेले असताना उंची बघायची, रिकाम्या गाडीवर नाही.

आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे! स्कूटरचा क्लच आरपीएम कमी झाला की आपोआप सुटतो, आधीच इंजिनचा ब्रेक जेमतेम, तोही तुम्ही घालवता. इंजिन चालू ठेवा, वळणाआधी ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि पूर्ण सोडा, परत दाबा. वास आला की थांबा, सावलीत अर्धा तास बसा, पाणी स्वतः प्या.

नवीन पॅड टाकले त्याच दिवशी घाट उतरायचा नाही. शंभरेक किलोमीटर गावातच फिरवा, पॅड डिस्कला बसू द्या. घरचं लग्न असलं तरी एसटीने जा.