सोसायटीच्या बोटीसाठी आउटबोर्ड इंजिन घेताय? या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, समा, कारेलीबाग, अकोटा, वडसर, जिकडेतिकडे लोक वरच्या मजल्यावर अडकले, आणि तेव्हापासून बडोद्यात सोसायटीच्या मिटिंगमध्ये "आपली एक बोट असू द्या" हा विषय निघायला लागला. विषय चांगलाच आहे. पण बोट घेताना सगळे बोटीकडे बघतात, इंजिन मात्र दुकानदार देईल ते, आणि मग ते पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अकरा महिने पडून. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, चालवून जेवढं खराब होत नाही तेवढं पडून खराब होतं, आणि आपल्याला ते लागणार नेमकं एखाद्या रात्री, धो धो पावसात, तेव्हा ते पहिल्या चार-पाच ओढीत सुरू झालंच पाहिजे.

नुसती हॉर्सपॉवर बघून इंजिन घेणं

बारा फुटी रबरी बोटीला ६ ते १० हॉर्सपॉवर पुष्कळ झालं. बोटीच्या मागच्या बाजूला पट्टी लावलेली असते, त्यावर जास्तीत जास्त किती पॉवर, किती माणसं, किती वजन ते लिहिलेलं असतं, ती पट्टी आधी वाचा. १५ चं इंजिन "असू दे, कामाला येईल" म्हणून घेतलं तर मागे ५० किलोच्या आसपास वजन लटकतं, बोटीचं बूड दबतं आणि गल्लीतल्या कमरेएवढ्या पाण्यात तो वेग वापरताच येत नाही. शिवाय दोन माणसांना ते जिन्यावरून वर न्यायचंय हे कोणी धरतच नाही. पाच-सहा हॉर्सपॉवरचं साधारण पंचवीस किलोचं असतं, ते उचलता येतं.

आणि माणसांचा आकडा म्हणजे माणसांचाच आकडा, "लहान मुलं आहेत, चालतील अजून दोन" नाही. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते. इंजिनाच्या बजेटमधून पैसे काढावे लागले तरी चालेल पण लाइफ जॅकेटं पूर्ण घ्या.

शाफ्टची लांबी न मोजणं

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि घरी आणल्यावर सुधारता येत नाही. बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन आवळतो, तिची उंची मधोमध वरपासून बोटीच्या तळापर्यंत टेप लावून मोजा. १५ इंचाच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास असेल तर लाँग. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली यायला पाहिजे. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. लांब पडला तर रस्त्यावरच्या डिव्हायडरला आपटतो.

पेट्रोल भरून ठेवणं

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट थर होतो, त्याने जेटचं बारीक भोक बुजतं. "मागच्या वर्षी तर मस्त चालू होतं" अशी तक्रार आली की निम्म्या वेळा हेच निघतं. ठेवताना इंजिन पाण्याच्या पिंपात धरून (ते कसं ते पुढे सांगितलंय) पेट्रोलची नळी काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेलं काढून टाका. (हे कार्ब्युरेटरवाल्यांसाठी, फ्युएल इंजेक्शनचं असेल तर मॅन्युअलप्रमाणेच करा.) टाकी रिकामी ठेवायची आणि जूनमध्ये ताजं पेट्रोल आणायचं.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या, मोटरसायकलचं टू-टी नको, ते हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि आउटबोर्ड पाण्याने गार होतं, चुकीच्या ऑइलने प्लगवर काजळी आणि राख जमते. बऱ्याच इंजिनांना ५०:१ म्हणजे १० लिटरला २०० मिली, नवीन इंजिनाला सुरुवातीला जास्त, ते मॅन्युअलमध्ये बघा.

पाण्याशिवाय "जरा सुरू करून बघणं"

असं अजिबात करू नका. पाणी ओढणारा पंप खालच्या पायात, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात असतो, त्यात रबराचं इम्पेलर, म्हणजे पाकळ्यांचं चक्र, आणि ते कोरडं फिरलं की काही सेकंदांत पाकळ्या जळतात. २०० लिटरचं पिंप घ्या, मोकळ्या जागेत ठेवा (बंद पार्किंगमध्ये धूर साचून माणूस बेशुद्ध पडतो), त्या आडव्या प्लेटच्या बरंच वर येईल इतकं पाणी भरा, न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि मागून बारीक धार येते का बघा. धार येत नसेल तर लगेच बंद करा. आधी त्या भोकात बारीक तार घालून बघा, आपल्याकडे कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, माती निघाली की धार सुरू. नाही झाली तर इम्पेलर, आणि तुटलेली पाकळी आत वाटेत अडकलेली असते ती शोधून काढल्याशिवाय नवीन बसवू नका. एकाच जागी पडून पाकळ्या वाकड्याच राहतात म्हणून दोनेक वर्षांनी बदलाच, इंजिन चाललेलं नसलं तरी. ही पिंपाची टेस्ट महिन्यातून एकदा (तेवढ्यापुरतंच पेट्रोल घालून, नंतर वर सांगितल्यासारखं काढून टाका), मे-जूनमध्ये तर नक्की, आणि पुराच्या गाळाच्या पाण्यातून आणलं की स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं.

गिअर ऑइल विसरणं

वर्षातून एकदा किंवा १०० तासांनी बदलायचं, जे आधी येईल ते. खालच्या पायावरच्या ऑइलच्या दोन स्क्रूंपैकी आधी खालचा काढा, मग वरचा, आणि ऑइल कसं दिसतं ते नीट बघा. दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. बहुतेक वेळा कारण पंख्यामागे सापडतं: पंखा काढला की शाफ्टभोवती मासेमारीचा नायलॉन दोरा घट्ट गुंडाळलेला दिसतो, तोच सील कापतो. चांदोदला किंवा मही नदीत सरावाला नेलंत की परत आल्यावर पंखा काढून बघाच. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा मग खालचा, आणि वॉशर नवे. वरून ओतलं तर आत हवा राहते.

सुरूच होत नाही, किंवा पाच मिनिटांत बंद पडतं

लगेच प्लग काढू नका. लाल दोरीची किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, नळीवरच्या रबरी फुग्याचा बाण इंजिनाकडे आहे का आणि दाबून तो कडक होतो का, एवढं बघा. सुरू होऊन काही मिनिटांनी मरत असेल आणि फुगा चपटा झाला असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय, दुसरं काही नाही. एवढं करूनही नाही झालं तर मग प्लग, म्हणून एक जादा प्लग आणि पाना बोटीतच बांधून ठेवा.

पुराच्या पाण्यात पॉलिथिन, केबल, कपडे, सगळं पंख्यात येतं. काढायला हात घालण्याआधी इंजिन बंद आणि क्लिप काढून खिशात. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना तर न्यूट्रलवर भरवसा नको, इंजिन पूर्ण बंद करून वल्ह्याने जवळ जा. वल्ही दोन पाहिजेतच. आणि इंजिनाला साखळी लावा, आवळलेले क्लॅम्प हादऱ्याने सैल होतात.

एक खरेदीआधीचं राहिलं. बडोद्यात बाइकचा मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडेल पण खालच्या पायाला सहसा हात लावणार नाही, त्यामुळे ज्या कंपनीचं इम्पेलर, वॉटर पंप किट आणि गिअरचे वॉशर गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळसारख्या मच्छीमार बंदरात सहज मिळतात तीच घ्या, आणि इंजिनाबरोबरच एक एक सेट मागवून पिशवीत घालून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा.