जुन्या इंग्रजी वस्तूंचे मूळ कसे शोधावे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरताना, किंवा कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याचे सामान विक्रीला निघाल्यावर, एखादी विलायती फुलदाणी हाती येते आणि तिच्यासोबत ‘साहेबाच्या काळातली, दीडशे वर्षांची’ ही हकिगतही मिळते. ती वहीत जरूर टिपून ठेवावी. मात्र वस्तूचे वय आधी तिच्या तळालाच विचारावे.

चिनी मातीची वस्तू उपडी करून खिडकीच्या उजेडात भिंगाने पाहावी. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरे-आकडे दिसले, तर ती ब्रिटनमधील नमुना-नोंदणीची खूण होय. १८४२ ते १८८३ या काळात ती वापरात होती. माथ्यावरच्या छोट्या वर्तुळातला रोमन चार मातीच्या वस्तूंचा वर्ग सांगतो, तीन काचेचा आणि एक धातूचा. वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ पासून उजव्या. १८८४ पासून या खुणेऐवजी सलग नोंदणी क्रमांक येऊ लागले. हे सारे वर्ष नमुन्याच्या नोंदणीचे असते; तोच नमुना कारखान्यात पुढे अनेक वर्षे निघत राही, हे विसरू नये.

माझ्याकडच्या निळ्या नक्षीच्या बशीवर केवळ ‘इंग्लंड’ एवढाच शब्द आहे. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवे, असा तिथला कायदा १८९१ मध्ये अमलात आला. त्यामुळे असा शब्द असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. उलट, शब्द नाही म्हणून वस्तू जुनीच, असे मात्र ठरत नाही, कारण मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता.

चांदीच्या वस्तूवर चालता सिंह आणि शहराची खूण शोधावी: नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचे मुख लंडनचे. राजा-राणीचे मुख १७८४ ते १८९० या काळातील कर भरल्याची निशाणी असते. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत उमटवलेली असली की अनेकांना तो चांदीचा शिक्का वाटतो. प्रत्यक्षात तो जर्मन सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूवरचा चांदीचा मुलामा असतो. ठसे वाचून होईपर्यंत चिंच-राखेने घासण्याचा मोह कृपया आवरावा, कारण झिजलेला ठसा परत येत नाही.

काहीच खूण नसेल, तर तळाच्या कडेची झीज पाहावी. खरी झीज अनियमित असते, मुद्दाम केलेले ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात. एवढे करूनही कारखाना कळला नाही, तर नावाची जागा मोकळी ठेवावी; माझ्या बशीसारखा केवळ ‘इंग्लंड’ शब्द असेल, तर वहीत ‘१८९१ नंतरची असावी’ इतकेच लिहावे.